फुगडी, हादगा आणि वक्री मंगळ

(स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं मुद्रित रूप. सभागृहात मुलांकडून जे करून घेतलं, ते इथं सांगून लिहिलं आहे.)



ज्यांच्या नावानं व्याख्यानमाला चालते, त्यांचे गुण आधी गायचे अशी पद्धत आहे. मी त्याऐवजी आपल्या गुरुजींनी एकदा माझी कशी जिरवली ते सांगते. आजचा विषय तिथूनच निघतो.

नोकरी लागून मला तेव्हा चार वर्षं झाली होती. स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलांचं ‘सूर्यमाला नृत्य’ मी बसवलं. प्लूटोची उचलबांगडी 2006 साली झाली, ही गोष्ट त्याच्या आधीची, त्यामुळं ग्रह नऊ. क्रेप कागदाचे झगे, सूर्याच्या डोक्याला जिलेटीनचे किरण, शनीच्या कमरेला सायकलची रिम आणि तिला सोनेरी कागद. मधे सूर्य, आणि त्याच्यापासून निघालेल्या एका सरळ रेषेत नऊही ग्रह घड्याळाच्या काट्यासारखे फिरताहेत. टाळ्या पडल्या, एकावन्न रुपयांचं बक्षीस मिळालं, फोटो निघाला. गुरुजी पाहुणे होते. चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “झकास झालं हो बाई. एवढंच कळलं नाही, त्या बुधाला बरं नव्हतं का?”

घरी जाऊन पुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला. बुध सूर्याभोवतीची फेरी 88 दिवसांत उरकतो, सेकंदाला सरासरी 47 किलोमीटर धावतो. प्लूटोला त्याच फेरीला 248 वर्षं लागतात आणि सेकंदाला पाच किलोमीटरही त्याच्यानं होत नाहीत. माझ्या नाचात सगळ्यांना एका रेषेत ठेवायचं म्हणून बुध जागच्या जागी पाय घोळत होता आणि टोकाचा प्लूटो धापा टाकत पळत होता. आकाशात जे आहे त्याच्या बरोबर उलटं मी अख्ख्या गावासमोर नाचवून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुधाला विचारलं, “काल तू कोण होतास रे?” म्हणाला, “बुध.” “म्हणजे काय?” त्यानं थोडा विचार केला. “राखाडी झगा.”

ते उत्तर मी अजून विसरलेले नाही. कलेतून विज्ञान, आनंददायी शिक्षण, कृतियुक्त अध्यापन हे शब्द आपण प्रशिक्षणांमध्ये इतके ऐकतो की त्यांना आता चहाबिस्किटांचा वास येतो. त्या शब्दांखाली बहुतेक वेळा राखाडी झगाच असतो. धडा तसाच राहतो, त्याला वरून झालर लागते. आज मला बोलायचंय ते झालरीविषयी नाही. मूल नाचताना ज्या अंगानं, ज्या पायांनी नाचतं, त्याच अंगानं ते विचार करू शकतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता धड्याकडं येऊ. पाचवीच्या परिसर अभ्यासात सुरुवातीलाच सूर्यमाला येते, मग पृथ्वीचं फिरणं येतं. त्यातले दोन शब्द, परिवलन आणि परिभ्रमण, हे मराठी शाळेतले जुळे भाऊ. दोघांच्या नावाची सुरुवात एक, दोघांचा अर्थ फिरणं, आणि परीक्षेत दोघांची हमखास अदलाबदल. आपण म्हणतो, मुलं पाठ करत नाहीत. अहो, पाठ केलेलं असतं. ते अंगाला कुठंही चिकटलेलं नसतं, म्हणून गळून पडतं.

मी एका वर्षी व्याख्या बंद केल्या. वर्गाच्या खिडक्या पोत्यांनी झाकल्या, मधे एक दिवा ठेवला आणि मुलांना सांगितलं, तुझं डोकं म्हणजे पृथ्वी आणि नाकाच्या शेंड्यावर आपलं गाव. जागच्या जागी गिरकी घे, पण हळू. दिवा कधी दिसायला लागतो ते सांग. दिवा डोळ्याच्या कडेला आला की “उजाडलं!” म्हणायचं, समोर आला की “दुपार,” आणि दुसऱ्या कडेनं गेला की “मावळला.” गिरकी कुठल्या बाजूला घ्यायची? डावीकडं. म्हणजे दिवा डाव्या हाताकडून उगवतो. मग डाव्या हाताला पूर्व म्हणा, मी म्हटलं.

इथं वर्गात दंगा झाला. नकाशात पूर्व उजवीकडं असते, बाई चुकल्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी भिंतीवरचा नकाशा काढून घेऊन आली, तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “बघा.” मी तिला म्हटलं, आता हाच नकाशा तुझ्या पोटावर धर, छापलेली बाजू बाहेर. आता पूर्व तुझ्या कुठल्या हाताला आली? तिनं खाली वाकून बघितलं. डाव्या. नकाशा आपण पृथ्वीच्या बाहेर उभं राहून बघतो आणि आत्ता ती स्वतःच पृथ्वी झाली होती. हे वाक्य मी बोलले नाही. तिच्या तोंडाकडं बघितल्यावर बोलायची गरज उरली नव्हती.

माझ्या मते अवकाशाचं शिक्षण म्हणजे मुळात हेच आहे: उभं राहायची जागा बदलता येणं. ग्रहांची नावं, उपग्रहांची संख्या हा नंतरचा किराणा. जमिनीवर उभं राहून सूर्य उगवताना बघणारं मूल आणि सूर्याजवळ उभं राहून पृथ्वीची गिरकी बघणारं मूल, ही दोन्ही एकाच मुलात नांदली पाहिजेत. त्यांना एकमेकांकडं ये-जा करता आली पाहिजे. ही ये-जा फळ्यावरच्या आकृतीतून होत नाही, कारण आकृतीत मूल नसतंच.

यावर अभ्यास झालेला आहे. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर यांनी 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना पृथ्वी कशी आहे ते विचारलं, चित्रं काढायला लावली. “गोल” हा शब्द जवळपास सगळ्यांच्या तोंडी होता. पण खोदून विचारल्यावर कुणाची पृथ्वी थाळीसारखी निघाली, कुणाची पोकळ चेंडूसारखी आणि माणसं त्या चेंडूच्या आत सपाट जमिनीवर उभी. पुढं हैदराबादच्या मुलांबरोबरही असा अभ्यास झाला, तेव्हा काही मुलांच्या पृथ्वीखाली पाणी होतं. मला या मुलांचं कौतुकच वाटतं. डोळ्यांना सपाट दिसतं आणि बाई गोल म्हणतात, दोघांनाही खोटं पाडायचं नाही, म्हणून त्यांनी केलेली ही तडजोड आहे.

आपल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोल शिकवताना हातवाऱ्यांचा कसा उपयोग होतो यावर काम केलं. त्यांचा लेख 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हातात धरायची प्रतिकृती एका बाजूला आणि कागदावरची रेघोट्यांची आकृती दुसऱ्या बाजूला; या दोघांमधला पूल म्हणजे शरीराचे हावभाव, असं त्यांच्या कामाचं सार मी समजते. तो लेख वाचला तेव्हा मला गुरुजींचा लेझीमचा तास आठवला. चौथ्या ठेक्याला वाकायचं हे ते कधी तोंडानं सांगत नसत. हलगी वाजायची, ते वाकायचे आणि अख्खी रांग वाकायची.

आता चंद्र. पुढं सतरंजीवर बसलेल्यांपैकी दोन मुली वर या. तू स्टुलावर बस, तू पृथ्वी. आणि तू चंद्र, हिच्याभोवती फेरी घाल, पण तोंड कायम हिच्याकडं ठेवून. (मुलीनं फेरी घातली.) बरं, आता सभागृहाला विचारते. चंद्र स्वतःभोवती फिरला का? हात वर करा. ...पाहिलंत? शिक्षकांनी भरलेल्या सभागृहात निम्म्याहून जास्त हात “नाही” म्हणतात. आता आपण चंद्रालाच विचारू. बाळ, पहिल्यांदा पृथ्वीच्या मागं तुला काय दिसत होतं? पडदा. मग? दार. मग? लोक. मग? तो पंखा. आणि परत पडदा. हिचं तोंड चारही दिशांना झालं. म्हणजे एका फेरीत ही स्वतःभोवती एकदा पूर्ण वळली. वळली नसती तर मधेच पृथ्वीला तिची पाठ दिसली असती. चंद्राची एक फेरी 27 दिवस आणि काही तासांची आणि त्याची गिरकीही तेवढ्याच वेळाची, म्हणून त्याची पाठ आपल्याला इथून कधी दिसत नाही.

हे डहाणू-जव्हारकडच्या वारली मुलांना वेगळं शिकवायला लागू नये. तारपा वाजवणारा मधे आणि हातात हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती. तो वळेल तसं वळायचं, पण तारप्याकडं पाठ करायची नाही. वारली चित्रांमध्ये ही गुंडाळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पर्सवर आणि चहाच्या कपांवरसुद्धा पाहिली आहे. तिच्यात चंद्राचा नियम आहे हे माझ्या डोक्यात यायला मात्र निवृत्ती यावी लागली.

चंद्राच्या कलांसाठी मी पूर्वी दिवा आणि चेंडू वापरायची. नंतर त्याहून सोपं सापडलं. शुद्ध अष्टमीच्या दुपारी चारच्या सुमाराला आकाश मोकळं असेल तर मुलांना मैदानात न्यायचं. सूर्य पश्चिमेकडं कललेला असतो आणि अर्धा चंद्र पूर्वेच्या बाजूला वर आलेला असतो. दिवसा चंद्र दिसतो हेच निम्म्या मुलांना नवीन. प्रत्येकाच्या हातात पांढरा चेंडू. हात लांब करून तो चंद्राच्या शेजारी धरायचा. चेंडू जेवढा उजळलेला दिसतो तेवढाच चंद्र उजळलेला असतो, आणि त्याच बाजूनं. दोघांवर पडणारं ऊन एकाच सूर्याचं. एवढं झाल्यावर चेंडू धरलेली तीसचाळीस मुलं तशीच न हलता उभी राहतात. त्याला नाच म्हणावं का, मला माहीत नाही. पण मी बसवलेल्या कुठल्याही नाचापेक्षा ते देखणं दिसतं.

फुगडीविषयी थोडं जास्त बोलते, कारण ती माझी लाडकी. फुगडीला आपण बायकांचा खेळ म्हणून नागपंचमीच्या खोक्यात टाकलंय. हात तिढ्यानं धरायचे, पावलं जुळवायची, मागं झुकायचं आणि फिरायचं. फिरताना दोघींना एकमेकींचं तोंड स्थिर दिसतं, बाकी सगळं जग भिरभिरतं. हे पृथ्वी आणि चंद्राचं चित्र नाही, कारण पृथ्वी चंद्राला सगळ्या बाजू दाखवते. फुगडी घालतात ते प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन. 6.4 दिवसांत दोघे एक फेरी मारतात आणि दोघेही एकमेकांना एकच बाजू दाखवतात. ग्रहपद गेलं तरी बिचाऱ्याची फुगडी चालू आहे.

आणि एक गंमत बघा. सारख्या वजनाच्या दोघी असल्या तर फुगडीचं केंद्र बरोबर मधे. आता एका बाजूला बाळसेदार मावशी आणि दुसऱ्या बाजूला तिसरीतली काडी, असा जोड लावा. काडी मोठ्या वर्तुळात उडते आणि मावशी जवळपास जागेवर, पण अगदी जागेवर नाही. थोडी डुलते. पृथ्वी आणि चंद्र असेच फिरतात. त्यांचं सामाईक केंद्र पृथ्वीच्या पोटातच, मध्यापासून सुमारे 4,700 किलोमीटरवर आहे. पोरांना मी विचारायची, समजा काडी अंधारात आहे, दिसतच नाही, नुसती मावशी दिसते. तर ती फुगडी घालतेय हे कसं ओळखाल? कुणीतरी हमखास म्हणायचं, “बाई, ती डुलतीय ना!” आता ऐका. 1995 साली सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह असाच सापडला. ग्रह दिसला नव्हता, तारा डुलताना सापडला. त्या शोधाला 2019 साली नोबेल मिळालं. पोरांनी फुगडीवरून दिलेलं उत्तर आणि ते नोबेल यांच्यामध्ये गणित बरंच आहे, यंत्रं बरीच आहेत, पण कल्पना तीच आहे.

आता मंगळ, माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास.

मैदानात फक्कीनं दोन वर्तुळं आखली. आतलं पृथ्वीचं, बाहेरचं मंगळाचं, साधारण दीडपट. मधे पालथी बादली म्हणजे सूर्य. हलगीच्या एका ठेक्याला 16 दिवस धरले. हिशेब केला तर बुधाची फेरी साडेपाच ठेक्यांत, शुक्राची 14, पृथ्वीची 23 आणि मंगळाची 43 ठेक्यांत होते. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या आवारात माणसांनी चालायची अशी सूर्यमाला कायमची फरशीत बसवली आहे. आमची फक्कीची, एका पावसाची धनी. पावलं वर्तुळावर आखून घेतली आणि म्हटलं, आज बुध-शुक्र बसतील, नुसते दोघे नाचतील.

पृथ्वी झालेल्या मुलीला एकच जादा काम दिलं. उजवा हात सतत मंगळाकडं रोखायचा आणि बोटाच्या रेषेत मंगळाच्या मागं लांबवर काय दिसतं ते ओरडून सांगायचं. आमच्या मैदानाच्या कडेला ओळीनं वड, पाण्याची टाकी, बाभूळ, मारुतीचं देऊळ आणि सरपंचांचा गोठा. हलगी सुरू झाली. “वड... वड... टाकी... टाकी... बाभूळ...” पृथ्वी मागून येत होती, पण आतल्या वर्तुळावर, चपळ. मंगळाच्या बरोबरीला आली आणि त्याला मागं टाकून पुढं निघाली. “बाभूळ... बाभूळ... टाकी...” ती थांबलीच. “बाई, हा मागं चाललाय!”

मंगळाला राग आला. “मी कुठं मागं चाललोय? मी पुढंच टाकतोय पाय!”

“मागं चाललायस. आत्ता बाभळीवर होतास, आता टाकीवर आलास.”

“तू पळतीयस म्हणून!”

हलगी थांबली, भांडण वाढलं. अख्ख्या वर्गाचे दोन पक्ष झाले. मी दोघांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा सुरू केलं. आता तोच मुलगा पृथ्वी होऊन “बाभूळ... टाकी...” ओरडत होता आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज बारीक होत गेला. आणखी चार ठेक्यांनी मंगळ परत टाकीवरून बाभळीकडं सरकायला लागला.

हे आपल्या घरात कित्येक पिढ्या माहीत आहे. पंचांगात याला वक्री म्हणतात. साधारण 26 महिन्यांनी पृथ्वी मंगळाला गाठते आणि तेव्हा तो ताऱ्यांमधून उलटा चालताना दिसतो. आपण मधोमध स्थिर आहोत असं धरून हे समजावताना जुन्या ज्योतिर्विदांनी वर्तुळावर वर्तुळं चढवली. कोपर्निकसनं 1543 सालच्या ग्रंथात पृथ्वीलाच चालायला लावलं आणि तो गुंता पुष्कळसा सुटला. माझ्या वर्गातल्या भांडणात दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, आणि दोन्ही खरं असू शकतं हे कळायला त्यांना जागा बदलून नाचावं लागलं.

तो मुलगा घरी जाऊन आजीला म्हणाला, “आजी, मंगळ वक्री होत नाही, आपणच त्याला ओव्हरटेक करतो.” आजीनं उत्तर दिलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं: “म्हणजे दोष आपल्याकडंच म्हणायचा.”

कला आणि अवकाश यांची नावं एकत्र घेतली की काही थोर उदाहरणं द्यायची असतात, ती उरकते. मृणालिनी साराभाईंनी 1949 साली अहमदाबादेत ‘दर्पण’ ही नृत्यसंस्था काढली. त्यांचे पती विक्रम साराभाई यांनी दोनच वर्षं आधी त्याच शहरात भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली होती, आणि 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं ते त्यांच्याच पुढाकारानं. मे जेमिसन या अंतराळवीर बाईनं 1992 च्या सप्टेंबरात अंतराळात जाताना आल्विन एली यांच्या नृत्यसंस्थेचं पोस्टर बरोबर नेलं होतं. त्या डॉक्टर, इंजिनिअर आणि शिकलेल्या नर्तिका. आपल्या पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांसाठी जी विज्ञानशोधिका आहे तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला एक तारा, आणि वाचणाऱ्याला त्यात पु.ल. दिसतात. जयंत नारळीकरांच्या संस्थेत पुलंच्या नावाचा तारा असावा, याहून चांगला शेजार विज्ञानाला आणि विनोदाला मराठीत मिळाला नाही.

पण थोरांच्या उदाहरणांनी वर्गात काही घडत नाही, म्हणून मी पुन्हा हाताच्या बोटांवर येते. अभिनयदर्पणात हस्तमुद्रा दिल्या आहेत, त्यांत अर्धचंद्र आहे, चंद्रकला आहे, मृगशीर्षसुद्धा आहे. भरतनाट्यम शिकणाऱ्या एका मुलीनं वर्गात नवग्रहांच्या मुद्रा दाखवल्या. मुलांनी मोजले आणि तक्रार केली: यात सूर्य-चंद्रच ग्रह आहेत, पृथ्वी नाही, आणि हे राहू-केतू कुठून आले? त्या तक्रारीचा आम्ही नाच केला. चंद्र झालेल्या मुलानं पृथ्वीभोवती फिरताना अर्धी फेरी टाचा उंचावून चालायचं आणि अर्धी गुडघ्यात वाकून. पृथ्वीच्या डोक्याच्या पातळीला एक दोरी बांधलेली. चंद्राचं डोकं ती पातळी एका फेरीत दोन ठिकाणी ओलांडतं, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. तेच राहू आणि केतू. सूर्य त्या ठिकाणांच्या रेषेत असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली तर ग्रहण, एरवी चंद्र वरून किंवा खालून निसटतो. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, याचं उत्तर मुलांच्या पोटऱ्यांना दोन दिवस दुखत होतं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, बाईंना नाचात सगळंच सापडलं. नाही सापडलं. नाच खोटंही बोलतो, आणि बेमालूम बोलतो.

सगळ्यात मोठं खोटं अंतराचं. एका सेंटिमीटरला हजार किलोमीटर धरा. पृथ्वी म्हणजे मध्यम नारळ, पावणेतेरा सेंटिमीटरचा. चंद्र म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचं लहान लिंबू. ते लिंबू नारळापासून किती लांब ठेवायचं? मुलं वीतभर म्हणतात, शिक्षक हातभर म्हणतात. बरोबर उत्तर 3 मीटर 84 सेंटिमीटर. सूर्य 14 मीटर रुंद, आमच्या शाळेच्या इमारतीएवढा, आणि तो दीड किलोमीटरवर, पलीकडच्या वाडीत. शुभांशू शुक्ला 2025 साली ज्या अंतराळ स्थानकात राहून आले, ते सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, म्हणजे नारळापासून चार मिलिमीटर. अजून शेंडीतच! हे ऐकल्यावर मुलं आधी हसतात आणि मग त्या लिंबाकडं बघत गप्प होतात.

दुसरं खोटं ऋतूंचं, आणि ते मी दोन वर्षं शिकवलं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून पृथ्वी झालेल्या मुलीला म्हटलं, कलून चाल. ती कायम सूर्याच्या बाजूला कलून चालली. दिसायला छान, आणि साफ चूक, कारण मग तिच्याकडं बारा महिने उन्हाळाच. आस सूर्याकडं बघत नाही, तो वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो. आमच्याकडं मारुतीच्या कळसाकडं. कळसाकडं कललेलं राहून वर्तुळावर चालणं मोठ्यांनाही जमत नाही, घरी करून बघा. अर्ध्या वाटेवर अंग सूर्याकडं ओढ घेतं. या बाबतीत आपण एकटे नाही. 1987 सालच्या एका माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभाला आलेल्या 23 जणांना ऋतू का होतात हे विचारलं, 21 जण चुकले. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, असं बहुतेकांना वाटत होतं. ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालतो तेव्हा.

म्हणून मग मी एक नियम केला. नाच झाला की घाम पुसून गोल बसायचं आणि आपला नाच कुठं कुठं खोटा होता ते सांगायचं. पहिल्या दिवशी “सूर्याला पाय नसतात” इथपासून सुरुवात झाली. मग “आम्ही एवढे जवळ नसतो.” मग “बादलीपेक्षा मी मोठा आहे.” आणि एकदा, तास संपायला आला असताना, हलगी वाजवणारा मुलगा म्हणाला, “बाई, तिथं हवा नाही ना? मग ही हलगी कुणाला ऐकू गेली असती?” पोरानं स्वतःचंच वाद्य बंद पाडलं! गुरुजी तेव्हा हयात होते. मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आता तुमचा बुध बरा झाला.”

शेवटी हादग्याची गोष्ट सांगते आणि थांबते. आमच्याकडं हादगा, तुमच्यापैकी काहींकडं भोंडला. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, की पाटावर हत्ती काढायचा, मधे ठेवायचा आणि मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा. सोळा दिवस रोज एक गाणं वाढतं आणि खिरापत ओळखायची असते. एका वर्षी फेर थांबल्यावर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, हस्त म्हणजे आकाशातलं कुठलं? दाखवा की.”

दाखवता येईना. सूर्य हस्तात आहे, म्हणजे हस्त सूर्याबरोबर उगवतं आणि सूर्याबरोबर मावळतं. ज्याच्या नावानं आपण फेर धरतो ते त्या दिवसांत उन्हाच्या मागं लपलेलं असतं. मी तिला हे सांगितलं. तिला पटलं नसावं, कारण तिनं विचारलं, “मग कधी?” मी म्हटलं, चैत्रात ये.

मी विसरले. ती विसरली नाही. परीक्षा संपल्या, गावची जत्रा होती, रात्री नऊच्या सुमाराला पाळण्याच्या गर्दीतून ती मला हाताला धरून देवळामागच्या अंधाऱ्या शेतात घेऊन गेली. आम्ही दक्षिणेकडं तोंड करून उभ्या राहिलो. डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, चित्रा ठळक चमकत होती. तिच्या उजवीकडं जरा वर पाच चांदण्या. तिनं आपला पंजा आकाशावर धरला, एक डोळा मिटला आणि एकेका चांदणीवर एकेक बोट बसवायला लागली. बराच वेळ लागला. मग हात तसाच ठेवून तिनं मान वळवली.

“बाई, हा हात उजवा का डावा?”

मी माझे दोन्ही हात वर करून बघितले.